पगाराची तारीख आणि दुकानाची वही



कामगार संघटनेच्या माणसाने घरखर्चावर बोलावे, याचे तुमच्यापैकी काही जणांना नवल वाटले असेल. संयोजकांनी विषय सुचवला तेव्हा मलाही वाटले. आमचा नेहमीचा विषय मिळकतीचा. मजुरी किती, भत्ता किती, बोनस किती, यासाठी मी तीस वर्षे घसा कोरडा केला. मिळालेला पैसा कामगाराने कसा खर्चावा, हा प्रश्न आम्ही मालकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे, की तो कानावर आला म्हणजे आम्ही सावध होतो. मजुरी वाढवा म्हटले, की ‘वाढवून काय उपयोग, दारूतच घालवणार’ हे उत्तर ठरलेले. म्हणून खर्चाचा विषय आम्ही मालकांना सोडून दिला. ही आमची चूक झाली, असे मला आता वाटते.

चूक ध्यानात आली ती अशी. महामार्गालगतच्या एका कारखान्यात आमचा करार झाला. चांगली वाढ मिळाली. गुलाल उधळला, पेढे वाटले. दोन वर्षांनी त्याच कारखान्यातला एक कामगार मला स्टेशनावर भेटला. मी कौतुकाने विचारले, “काय, आता बरे चालले ना?” तो म्हणाला, “भाऊ, पगार वाढला तसा हप्ताही वाढला. पूर्वी दुकानदाराचे देणे होते, आता कंपनीचे आहे.” त्याला दारूचे व्यसन नाही, पत्त्यांचा नाद नाही. तरी महिन्याच्या वीस तारखेला त्याच्या घरात पैसा नव्हता. आम्ही पगाराची लढाई जिंकलो होतो आणि वही तशीच राहिली होती.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. पंडिताच्या अधिकाराने मी बोलत नाही. पण त्या कामगाराच्या उत्तरानंतर मी या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो, आणि एक गोष्ट मला पटली. माणसाची खर्चाची सवय केवळ त्याच्या स्वभावातून येत नाही. पैसा हाती कोणत्या तारखेला येतो आणि माल कोणाकडून घ्यावा लागतो, यावर ती बरीचशी ठरते. सवय बदलली तर गरिबाच्या घरीही शिल्लक पडते, हे खरे आहे. मात्र आपल्या महाराष्ट्रात ती जेथे जेथे बदलली, तेथे ती अनेकांनी मिळून बदलली. आजचे माझे सांगणे एवढेच आहे. त्याची साक्ष इतिहासातून काढायची आहे.

सुरुवात १८७५ सालापासून करू. हे साल व्याख्यानमाला ऐकणाऱ्यांना माहीत असते, कारण त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज आपण येथे बसलो आहोत ती प्रथा तिथली. त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. रोखे मिळाले की ते जाळत. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव गेले. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

दंगे शमल्यावर सरकारने आयोग नेमला. त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांचे आणि शहरी विद्वानांचे एक ठाम मत होते: कुणबी कर्जबाजारी होतो तो लग्नातल्या उधळपट्टीमुळे. आयोगाने गावोगावचे हिशेब पाहिले आणि निराळा निष्कर्ष काढला. लग्नकार्याच्या खर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाने म्हटले. हा खर्च कुणब्याच्या ऐपतीच्या मानाने जास्त असतो खरा. पण असे प्रसंग क्वचित येतात, आणि वर्षांच्या हिशेबात ती रक्कम फार मोठी भरत नाही. मग कर्ज कशाने फुगले? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास नव्या पाहणीने धारा वाढला. धारा रोखीने आणि ठरल्या दिवशी भरायचा. पीक विकून पैसा हाती यायचा दिवस वेगळा. मधले दिवस सावकाराकडून काढायचे. मूळ रक्कम लहान असे, तिच्यावर व्याज चढे, व्याजाचा नवा रोखा होई आणि त्या रोख्यावर पुन्हा व्याज.

मंडळी, हे नीट ध्यानात घ्या. गरिबाच्या खर्चात सर्वांत मोठा आणि सर्वांत निरुपयोगी खर्च म्हणजे व्याज. तो जेवणात दिसत नाही, अंगावर दिसत नाही. लग्नातला मांडव सर्वांना दिसतो, म्हणून उपदेश मांडवावर होतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्राला हे कळत होते. ‘दामदुपट’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मूळ मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करता येणार नाही, असा तो सावकारावर घातलेला निर्बंध होता, आणि मुंबई इलाख्यात इंग्रजांची न्यायालयेही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानीत. आज ‘दामदुप्पट’ म्हटले की पैसे दुप्पट करून देणाऱ्याची जाहिरात आठवते. शब्द तोच राहिला. ज्याने ऋणकोचे रक्षण व्हायचे त्याने आता ठेवीदाराला भुलवायचे, एवढा फरक पडला.

लग्नखर्च बिनमहत्त्वाचा, असे मात्र मी म्हणत नाही. एका लग्नाचे कर्ज फेडण्यात दहा वर्षे गेलेली माणसे माझ्या ओळखीची आहेत. प्रश्न असा, की एकट्या बापाला तो खर्च कमी करता येतो का? भाऊबंद काय म्हणतील, व्याही काय म्हणतील, या धाकापुढे शहाणा माणूसही हात टेकतो. हे जोतीराव फुल्यांनी ओळखले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले. भटजी नाही, डामडौल नाही. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला. या लग्नपद्धतीची चर्चा सामाजिक सुधारणा म्हणून होते, ती योग्यच आहे. पण घरखर्चाच्या दृष्टीनेही तिच्याकडे पाहावे. समाजातल्या दहा घरांनी ठरवले की असे लग्न लावायचे, म्हणजे अकराव्या घराला साधे लग्न करताना मान खाली घालावी लागत नाही. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीरावांनी शेतकऱ्याला धर्मविधींच्या नावाने होणाऱ्या खर्चाबद्दल सावध केले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सरकारी धारा, कचेऱ्यांतली नाडवणूक, अज्ञान, या सगळ्याचा हिशेब त्यांनी मांडला. नुसता ‘खर्च कमी करा’ असा उपदेश त्यांनी केला नाही.

पुढे गाडगे महाराजांनी हेच काम कीर्तनातून केले. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून जेवणावळी घालू नका, पोराला शिकवा, हे ते लोकांना प्रश्न विचारून विचारून वदवून घेत. ते १९५६ साली गेले. त्यांनी लोकांच्या वर्गणीतून ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. आपल्या नाशकातही आहे. त्यांच्या बोलण्यात आणि त्या बांधकामात मला एकच हिशेब दिसतो. एका जेवणावळीचा पैसा एका रात्रीत संपतो. तोच पैसा शंभरांनी एकत्र केला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी इमारत होते.

आता शेतातून गिरणीत जाऊ. आपल्या पट्ट्यातून मुंबईची वाट जुनी आहे. आगगाडी कसारा घाट चढून १८६५ साली इगतपुरीला आली, आणि त्यानंतर या भागातली किती माणसे पोटासाठी गिरणगावात उतरली असतील, हे येथे बसलेल्या घराघरांना ठाऊक आहे. त्या गिरणी कामगारांची पहिली संघटना नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभी केली. लोखंडे सत्यशोधक होते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. १८८४ साली त्यांनी कामगारांची सभा घेऊन एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यातल्या मागण्या पाहा. रविवारची सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. कामावर इजा झालेल्याला पगार द्या. आणि आणखी एक मागणी होती: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या.

रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली आणि ती सर्वांच्या लक्षात राहिली. पगाराच्या तारखेची मागणी मात्र फारसे कोणी आठवत नाही. मला तीच फार मोलाची वाटते. विचार करा, चैत्राच्या पहिल्या दिवशी कामाला लागलेल्या माणसाला पहिला पैसा वैशाखाच्या मध्यावर मिळणार. दीड महिना त्याने खायचे काय? तो दुकानदाराकडे वही उघडतो. पगार होतो तो वहीत जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उधारी सुरू. असा माणूस जन्मभर दीड महिना मागे चालतो. त्याला रोखीने माल घेता येत नाही, स्वस्त दुकान शोधता येत नाही, भावाची घासाघीस करता येत नाही. दुकानदार बदलायचा तर आधी जुनी वही फेडली पाहिजे. लोक याला उधळेपणा म्हणत. लोखंड्यांनी ते मालकाने कामगाराकडून घेतलेले बिनव्याजी कर्ज आहे हे पाहिले, आणि ते परत मागितले.

या स्थितीचे आकडे पुढे मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनेच गोळा केले. १९२१–२२ साली तिने मुंबईतल्या सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले; अहवाल १९२३ साली निघाला. कुटुंबाची सरासरी मिळकत महिना सुमारे ५२ रुपये. शंभर रुपये खर्चातले जवळजवळ ५७ रुपये अन्नावर, कपड्यावर साडेनऊ, घरभाड्यावर पावणेआठ, जळण आणि दिवाबत्तीवर साडेसात. उरलेल्या साडेअठरा रुपयांत औषधपाणी, गावी जाणे, लग्नकार्य, व्यसन आणि व्याज. शंभरातली सत्तेचाळीस कुटुंबे सावकाराच्या कर्जात होती आणि ते कर्ज अडीच महिन्यांच्या मिळकतीइतके होते. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा. ऐकायला एक आणा. वर्षाचा हिशेब केला तर शेकडा पंचाहत्तर. याच अहवालात असेही निघाले, की गिरणी कामगाराच्या पोटात जे धान्य जाते ते तुरुंगाच्या नियमांप्रमाणे कैद्याला मिळणाऱ्या धान्यापेक्षा कमी आहे. ज्याला कैद्याइतकेही धान्य मिळत नाही त्याने आणखी कोणता घास कमी करायचा? व्याजाचा आणा मात्र कमी करता येण्यासारखा होता.

१९३१ साली कामगारविषयक शाही आयोगाचा अहवाल आला. बहुतेक औद्योगिक शहरांतले निदान दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत, असा त्याचा अंदाज होता. पाच वर्षांनी, १९३६ साली, वेतन देण्याचा कायदा झाला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत आणि त्याहून जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यावा, असे त्याने ठरवले. लोखंड्यांनी पंधरा तारीख मागितल्याला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती. ते स्वतः १८९७ सालीच गेले होते.

तारीख अलीकडे आली; आता वही कशी फाडायची? याचे उत्तर आधी विलायतेत सापडले होते. १८४४ साली रॉचडेल गावच्या अठ्ठावीस जणांनी, त्यांत बरेच विणकर, आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून प्रत्येकी एक पौंड जमवला. अठ्ठावीस पौंडांत त्यांनी दुकान थाटले. माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. मजुरी वाढवून घेण्याचे प्रयत्न फसल्यानंतर त्यांनी हा मार्ग धरला होता. त्यांचे नियम साधे होते: माल चोख, माप खरे, विक्री रोखीची, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचा. उधारी नाही या एका नियमाने सभासदाची सवय बदलली. हातात पडणारा नफ्याचा वाटा ही अनेक घरांची पहिली शिल्लक होती. तो पैसा त्यांनी वेगळा वाचवला नव्हता. रोजच्या पिठालोण्याच्या खरेदीतूनच तो उरला होता.

आपल्याकडे या विचाराची सुरुवात पतपुरवठ्याकडून झाली. १८८२ च्या सुमारास विल्यम वेडरबर्न यांनी रानड्यांच्या साहाय्याने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली; ती विलायत सरकारने फेटाळली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, आणि १९१२ च्या कायद्याने पतपेढीखेरीज भांडारासारख्या संस्थांनाही मुभा मिळाली. तिचा उपयोग कोणी कसा केला याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. लोणीच्या विठ्ठलराव विख्यांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली, तीही सावकारी पाशाला उत्तर म्हणून. सत्तावीस वर्षांनी, १९५० च्या अखेरीस, त्याच परिसरातल्या शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. पुढे साखरेच्या सहकारात काय काय शिरले त्यावर दुसरे व्याख्यान देता येईल. पण लहान पतपेढीत एकत्र राहण्याची सवय लागलेली माणसेच पुढे कारखाना उभारू शकली, हे विसरता कामा नये.

गिरणगावात ग्राहकांची बाजू उभी राहिली. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत कामगारांनी एक लहान सहकारी संस्था काढली; तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. या बाया गिरणी कामगारांना महिनेवारीने जेवण घालत. पैसे महिन्याने येणार आणि धान्य आज हवे, म्हणून त्या दुकानदाराकडून चढ्या भावाने उधारी आणत, प्रसंगी डाग गहाण ठेवत. म्हणजे कामगाराच्या पगाराची तारीख त्याला जेवू घालणाऱ्या बाईच्या गळ्याशी येत होती. प्रेमाताईंनी त्यांचे गट केले, एकमेकींना एकमेकींची हमी दिली आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून दिले. तेच धान्य, तोच स्वयंपाक. खरेदी तेवढी रोखीची झाली. त्या एका बदलात त्यांची शिल्लक निघाली.

आता घोटीत परत येतो, कारण परगावची उदाहरणे ऐकायला गोड वाटतात आणि घरी उपयोगाला येत नाहीत.

आपला मुलूख भाताचा. पाऊस उदंड, भात निघते ते दिवाळीच्या आगेमागे. मार्गशीर्षात तांदूळ मुबलक आणि स्वस्त. आषाढ-श्रावणात लावणीचे काम जोरात असते आणि कणगीत दाणा नसतो. आजूबाजूच्या पाड्यांवर या दिवसांत धान्य दीडीने आणण्याची चाल होती. आज मणभर न्यायचे आणि पीक निघाल्यावर दीड मण घालायचे. चार-पाच महिन्यांत निम्मे व्याज. उभे पीक स्वस्तात लिहून देण्याची ‘पालेमोड’ही होतीच, आदिवासींची यातून सुटका करण्यासाठी राज्य सरकारला १९७६ साली वेगळा कायदा करावा लागला.

माझे वडील येथल्या एका भातगिरणीत हमाल होते. दिवसभर तांदळाची पोती पाठीवरून वाहायची आणि संध्याकाळी दुकानातून उधारीवर कणी आणायची, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. रोखीचा भाव एक, वहीचा भाव दुसरा. तेल पावशेर, चहाची पुडी चार कपांपुरती. थोडे थोडे घेतले की महाग पडते, हे आईला कळत नव्हते असे नाही. एकदम घ्यायला पैसा नव्हता.

आईने वही मोडली ती भिशीच्या जोरावर. आळीतल्या बारा बायका, दरमहा वीस रुपये. आईची पाळी मार्गशीर्षात आली. दोनशेचाळीस रुपये एकरकमी हाती आले. वडील म्हणाले, भांडी घेऊ. आईने निम्म्यात दुकानाची वही चुकती केली आणि निम्म्यात हंगामाच्या भावाने तांदूळ भरून ठेवला. तो तांदूळ काही पावसाळाभर पुरला नाही. पण त्या वर्षी वही उशिरा उघडली. पुढच्या वर्षी तिने भिशीतल्या बायकांना पटवून दोन पाळ्या हंगामात काढायला लावल्या आणि चौघींनी मिळून पोती घेतली. चौथ्या वर्षी आमची वही उघडलीच नाही. वडिलांची मजुरी त्या चार वर्षांत फारशी वाढली नव्हती. मी शाळा सोडल्यावर माझ्या धाकट्या बहिणीची शाळा चालू राहिली, ती या तांदळावर. तिला आज पेन्शन आहे.

हे मी अभिमानाने सांगतो, तसे पुढचेही सांगितले पाहिजे. म्हातारपणी याच आईने साठवलेले पैसे जास्त व्याजाच्या आशेने एका पतपेढीत ठेवले. ती पेढी बंद पडली. तिच्या हयातीत पैसे परत आले नाहीत. मी संघटनेचा माणूस. कारखान्याचा ताळेबंद वाचून मालकाशी वाद घालणारा. पण घरची ठेव जेथे होती त्या संस्थेचा ताळेबंद मी एकदाही मागितला नाही, सर्वसाधारण सभेला गेलो नाही. सहकार म्हणजे ओळखीच्या माणसावर डोळे मिटून विश्वास, असा आपला समज झाला आहे. रॉचडेलच्या विणकरांनी हिशेब दर तिमाहीला सभासदांपुढे मांडण्याचा नियम केला होता. आपण नियम घेतला नाही, नाव घेतले.

हमालांच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांचे झगडे होते. मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक पट्टी मालकाने मंडळाकडे भरायची; मंडळ मजुरी देते आणि पट्टीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा यांची तरतूद करते. रोज हातावर पोट असलेल्या माणसाच्या मजुरीतून म्हातारपणाची शिल्लक आपोआप बाजूला पडते. जेथे हमालांची नोंदणी झाली तेथे याचा गुण आला. जेथे झाली नाही तेथे म्हातारा हमाल आजही मुलाच्या तोंडाकडे पाहतो. काटकसरीची सवय कायद्याने लागते ती अशी.

आता आजचे दिवस. दुकानाची वही गेली आणि मोबाइल आला. घ्यायची वस्तू आज, पैसे बारा हप्त्यांत; ‘व्याज नाही’ असे मोठ्या अक्षरांत आणि शुल्क बारीक अक्षरांत. पूर्वी दुकानदार निदान तोंड ओळखत असे, दुखणेबाणे असले तर थांबत असे. हप्ता थांबत नाही. कंत्राटी कामगाराचा पगार लांबला, की हप्ता चुकतो, दंड लागतो आणि दंड भरायला दुसरे कर्ज. लोखंड्यांच्या काळचा दीड महिन्याचा फेरा नव्या कपड्यांत परत आला आहे.

साधा हिशेब करू. दहा हजार रुपये दरमहा शेकडा दहाने घेतले, तर वर्षाचे व्याज बारा हजार आणि मुद्दल तसेच उभे. हेच दहा हजार पतपेढीतून वर्षाला शेकडा बारा दराने घेतले, तर व्याज बाराशे. फरक दहा हजार आठशे. एवढी वाढ मिळवायला आम्हाला गेटसभा घ्याव्या लागतात, तारखा पाडाव्या लागतात. ज्याने महाग कर्ज सोडले त्याने ही वाढ मालकाला न विचारता मिळवली.

म्हणून माझ्या सोबत्यांना मी हल्ली चार गोष्टी सांगतो. पहिली, कोणतीही बचत करण्याआधी सर्वांत महाग कर्ज फेडा. दुसरी, एक महिना पुढे राहायला शिका. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याचे धान्य आज आहे, त्याची वही उघडत नाही. तिसरी, तांदूळ, डाळ, तेल चार-पाच घरांनी मिळून हंगामात घ्या. आणि चौथी, लग्नाचा खर्च घरात ठरवू नका, आळीत ठरवा. पंधरा घरांनी एकच मर्यादा पाळली तर कोणाचाही पाणउतारा होत नाही. ज्या भिशीत, बचतगटात किंवा पतपेढीत पैसा ठेवाल तिचा हिशेब मात्र दरवर्षी वाचा, आणि वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचवून घ्या.

संघटनेच्या कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे. पगार किती, याइतकाच पगार कोणत्या तारखेला, हा प्रश्न करारात असू द्या. कंत्राटी कामगाराचा पगार लांबला तर ती किरकोळ तक्रार समजू नका.

संपत्ती म्हणजे काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर कामगाराचे आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला. १९८२ चा संप तर कित्येकांच्या जन्मावरून गेला. अशा वेळी कोण किती दिवस टिकला, हे भाषणांवर ठरले नाही. घरात किती महिन्यांचे दाणे होते, त्यावर ठरले. ज्याच्याजवळ तीन महिन्यांचे धान्य आहे आणि डोक्यावर देणे नाही, त्याला वाईट कामाला, वाईट मजुरीला, वाईट सोयरिकीला ‘नाही’ म्हणता येते. मालकाच्या तोंडी काटकसर म्हणजे कमी मजुरीत भागवणे. आमच्या तोंडी तिचा अर्थ ‘नाही’ म्हणण्याची तयारी, असा असला पाहिजे.

स्टेशनावर भेटलेल्या त्या कामगाराची गोष्ट पुरी करतो. त्याच्या खात्यातले सहा जण आता दरमहा एकत्र बसतात. एकेकाचे सर्वांत महाग कर्ज आधी फेडायचे, मग दुसऱ्याचे, असा त्यांचा क्रम आहे. तिघांचे फिटले आहे. त्याची पाळी पाचवी. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “भाऊ, अजून वर्षभर आहे.” त्याला मी या व्याख्यानाला बोलावले होते, पण आज त्याची दुसरी पाळी आहे.